दोन मामांच्या मधलं कपाट

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि "तुला काय हवं?" असं मी तिला आपणहून विचारलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिनं शाल मागितली असती, नवा चष्मा मागितला असता, गुडघ्याचा पट्टा मागितला असता, तर मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन मोकळा झालो असतो. आईनं वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मला माझे दोन्ही भाऊ हवेत. एका वेळी, एका खोलीत. मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे."

"मग फोन करून सांग की."

"दोघांना एकदम सांगायची आहे. एकाला आधी सांगितली तर दुसरा म्हणेल, त्याला आधी का सांगितलीस. मग ती गोष्ट राहील बाजूला."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माझे मोठेमामा आणि धाकटेमामा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक शिडी. मोठेमामांची लाकडी शिडी धाकटेमामांनी घर रंगवायला नेली. नेताना तिला आठ पायऱ्या होत्या आणि परत आली तेव्हा सात होत्या, हे मोठेमामांचं म्हणणं. शिडीला पहिल्यापासून सातच पायऱ्या होत्या आणि आपल्या भावाला आकडे कधी जमलेच नाहीत, हे धाकटेमामांचं म्हणणं. मोठेमामा बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे हे वाक्य त्यांच्या फार जिव्हारी लागलं. "यापुढे मी त्याचं तोंड पाहणार नाही," असं ते म्हणाले, धाकटेमामा "मीही" म्हणाले, आणि एका शहरात राहून दोघांनी ते निष्ठेनं पाळलं. दोन्ही माम्या मात्र रोज दुपारी, मामांच्या नकळत, फोनवर तासभर बोलतात.

मी आधी मोठेमामांकडे गेलो. "ताईचा वाढदिवस म्हटल्यावर मी येणारच," ते म्हणाले. "पण मी त्याचं तोंड पाहणार नाही, हे तुला माहीत आहे."

"म्हणजे धाकटेमामा त्या घरात असले तरी चालेल, फक्त दिसता कामा नयेत?"

चेकवरची सही तपासावी तसं त्यांनी माझं वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. "शब्दाप्रमाणे बघितलं, तर तसंच होतं," ते शेवटी म्हणाले.

धाकटेमामांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांनीही तीच अट घातली आणि वर एक तांत्रिक सूचना केली. "माझी बाजूची नजर अजून चांगली आहे. नुसतं पाठीला पाठ लावून बसवलंस तर भागणार नाही. नीट कर काय ते."

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो. कोणत्या रस्त्याखालून कोणती नळी जाते, ती कुठे वळते आणि कुठे दुसरीला भेटते, हे मी अठ्ठावीस वर्षं कागदावर उतरवत आलो आहे. दोन नळ्या एकमेकींना न भेटता एकाच गल्लीतून कशा न्यायच्या, हा माझा हातखंडा विषय. तेव्हा दोन मामा एकाच हॉलमधून नेणं मला काही अवघड वाटलं नाही. फक्त एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. आमच्या खात्यातलं सगळं जमिनीखाली असतं. त्यामुळे आम्ही जागा नेहमी वरून बघतो, लांबी-रुंदी बघतो, आणि तोल वगैरेच्या भानगडीत पडत नाही. जमिनीखालची वस्तू पडत नाही.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर चौकटीचा कागद पसरला. सोफा, खुर्च्या, जेवणाचं टेबल, फ्रिज, सगळ्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे मापात कापले. मग मोठेमामांच्या नजरेच्या रेघा लाल पेन्सिलीनं काढल्या आणि धाकटेमामांच्या निळ्या. लाल आणि निळी रेघ जिथे एकमेकींना छेदत, तिथे एक फुली. एकतीस फुल्या झाल्या. आमची ही मागे येऊन बराच वेळ बघत उभी होती.

"यात सँडविच कुठे ठेवायची ते कुठे आहे?" तिनं विचारलं.

"ते दुय्यम आहे."

"पंचवीस माणसं चार वाजता जेवणाला आल्यासारखी येतात. त्यांना दुय्यम आहे का ते विचार." एवढं बोलून ती झोपायला गेली. नकाशाबद्दल एका शब्दानंही कौतुक केलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

सोफा फिरवला, टेबल भिंतीला लावलं, फ्रिज हॉलमध्ये आणून पाहिला. फुल्या एकतीसवरून चौदावर आल्या आणि तिथेच अडल्या. हॉलच्या बरोबर मधोमध, उंच आणि आरपार न दिसणारी वस्तू हवी होती. अशी वस्तू आमच्या घरात एकच होती. झोपायच्या खोलीतलं लाकडी कपाट. सात फूट उंच, दोन दारांचं, वर नक्षी असलेलं आणि मुख्य म्हणजे माझ्या सासऱ्यांनी हौसेनं करून दिलेलं. त्या कपाटाचा पुठ्ठ्याचा तुकडा मधोमध ठेवल्याबरोबर चौदाच्या चौदा फुल्या गेल्या. मी हिला उठवून सांगितलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "त्याला एक ओरखडा आला ना, तर मी तुमचंही तोंड पाहायची नाही."

हॉलचे असे दोन भाग झाले. प्रश्न आता दाराचा. दोन्ही मामा एकाच दारातून आले तर दारातच सगळं आटोपणार होतं. मोठेमामा पुढच्या दारानं येतील आणि धाकटेमामा मागच्या जिन्यानं स्वयंपाकघरातून, असं मी ठरवलं. मागच्या जिन्याला कुलूप असतं आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी हा नियमांचा माणूस. त्यांनी ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला. 'जिना उघडण्याचे कारण' याखाली चारच पर्याय होते: नळदुरुस्ती, विजेचे काम, आग, आणि फर्निचरची ने-आण.

"पाहुणे असा पर्याय नाही का?" मी विचारलं.

"पाहुणे पुढून येतात."

"या पाहुण्यांना पुढून येता येत नाही."

"चालता येत नाही?"

"चालता येतं. भावासमोर येता येत नाही."

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवून फॉर्म पुन्हा वाचला. एखादा पर्याय छापायचा राहिला आहे का, हे ते खरोखर तपासत होते. "आग लिहिलंत तर मला अग्निशमन दलाला कळवावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही फर्निचर लिहा."

म्हणून मी फर्निचर लिहिलं. खाली 'वस्तूचे वर्णन' होतं. तिथे 'कपाट, एक नग' लिहिलं. 'उंची' होती, तिथे पाच फूट सहा इंच लिहिलं, कारण धाकटेमामा तेवढे आहेत आणि सरकारी माणसानं आकडा तरी खरा लिहावा. या फॉर्मवर त्या जिन्यावरच्या चारही घरांच्या सह्या लागत. प्रत्येक सहीबरोबर एक सल्ला मिळाला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दोघांचा रक्तदाब किती आहे ते विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या गायनशिक्षिका म्हणाल्या, दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवा, त्यांच्या क्लासमध्ये तसंच करतात. तिसरे गृहस्थ वकील होते. ते म्हणाले, "तोंड पाहणार नाही, यात आरशातलं तोंड येतं का, हे आधी लेखी घेऊन ठेवा." हा सल्ला मला त्या वेळी चेष्टेचा वाटला. घरी आलो आणि हॉलमध्ये उभा राहिलो तर बंद टीव्हीच्या काचेत मला अख्खं स्वयंपाकघर दिसलं. टीव्हीवर चादर, शोकेसवर वर्तमानपत्र आणि बेसिनवरच्या आरशावर माझा जुना रेनकोट, अशी व्यवस्था करावी लागली. हिच्या मते घराला अवकळा आली.

चौथी सही समोरच्या दारातल्या निवृत्त स्टेशनमास्तरांची. त्यांनी सही केली, फॉर्म परत दिला आणि सरळ माझ्या मागोमाग घरात आले. नकाशा पाहून त्यांचे डोळे चमकले. घरात नकाशाला मान देणारा हा पहिला माणूस. "सगळं छान आहे," ते म्हणाले, "पण बाथरूम एकच आहे. म्हणजे एकेरी मार्ग. समोरासमोर टक्कर व्हायची." मी नकाशाकडे बघितलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

"टोकन ठेवा," स्टेशनमास्तर म्हणाले. "पूर्वी एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय गाडी हलत नसे. टोकन एकच. ज्याच्या हातात टोकन, तोच बाथरूमला जाणार." टोकन म्हणून सहज हाताला लागेल अशी वस्तू हवी होती. लाटणं ठरलं. लाल आणि हिरव्या रुमालाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि निवृत्त झाल्यापासून इतका चांगला आठवडा गेला नव्हता, असं मला मोकळेपणानं सांगितलं.

आदल्या दिवशी कपाट हलवायचं होतं. मी आधी ते रिकामं करायला घेतलं. माझी कंबर आणि माझा उत्साह लक्षात घेता खालचे दोन कप्पे रिकामे झाले. वरच्या दोन कप्प्यांत माझे अठ्ठावीस वर्षांचे जुने नकाशे गुंडाळ्या करून ठेवलेले होते, ते मी तसेच राहू दिले. कागदाला काय वजन असतं, असा माझा हिशेब. हा हिशेब नुसत्या लांबी-रुंदीचा होता, हे सुज्ञांच्या लक्षात आलं असेलच. आमचा नेहमीचा सुतार, स्टेशनमास्तर आणि मी अशा तिघांनी मिळून कपाट ढकलत आणलं. झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर वरचा भाग आधी पुढे आला, खालचा नंतर, आणि मधल्या वेळात कड्‌ असा आवाज झाला. कपाटाचा पुढचा एक पाय मोडला होता.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," आम्ही तिघे एका सुरात म्हणालो.

सुतारानं मोडका पाय हातात घेऊन बघितला. नवा पाय करायला चार दिवस लागणार होते. "तोवर खाली काहीतरी कठीण लाकूड सारून ठेवा," तो म्हणाला. "हे असलं मऊ नको. चांगलं जुनं, पक्कं लाकूड पाहिजे. आहे का घरात?"

"माझ्याकडे आहे," आई म्हणाली. ती आतून तिच्या ट्रंकेतून एक फडकं घेऊन आली. फडक्यात जुन्या, गोलसर लाकडाचे दोन तुकडे होते. सुतारानं ते एकावर एक ठेवले, कपाट थोडं उचललं आणि खाली सारले. मापात बसले. तो खूश झाला. "कुठलं हो हे लाकूड?" त्यानं विचारलं.

"जुनं आहे," आई म्हणाली.

मीही काही विचारलं नाही. मला तेव्हा कपाट उभं राहिल्याचा आनंद झाला होता. आईनं फक्त एक सुचवलं, की तिची खुर्ची कपाटाच्या कडेला, त्या मोडक्या पायाच्या शेजारी ठेवावी. तिथून डावीकडे पाहिलं की मोठेमामा दिसणार होते आणि उजवीकडे पाहिलं की धाकटेमामा. ही जागा नकाशातही उत्तम होती, म्हणून मी लगेच होकार दिला.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. चार वाजता माणसं यायला लागली. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकानं हॉलच्या मध्ये कपाट का, हा प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला मी नकाशा दाखवून समजावलं. सव्वाचारला मोठेमामा पुढच्या दारानं आले, ठरल्याप्रमाणे डावीकडे वळले आणि लाल उशीच्या खुर्चीत बसले. स्टेशनमास्तरांनी हिरवा रुमाल दाखवला. मी मागच्या जिन्याकडे धावलो.

मागच्या दाराशी वॉचमन हातात फॉर्म घेऊन उभा होता. त्याच्यासमोर नवा कोट घातलेले धाकटेमामा. "फॉर्मवर कपाट लिहिलंय," वॉचमन म्हणाला. "कपाट कुठंय?"

"मीच," धाकटेमामा म्हणाले. त्यांना मी आधी कल्पना दिली होती, आणि त्यांनी ती शांतपणे स्वीकारली होती.

वॉचमननं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग कागद पाहिला. "उंची बरोबर आहे," तो म्हणाला आणि रजिस्टरमध्ये 'कपाट, एक नग, आत' अशी नोंद केली. माझा या वॉचमनबद्दल त्या दिवसापासून आदर वाढला आहे.

पुढचा एक तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी एक. कपाटाच्या एका बाजूला मोठेमामा, दुसऱ्या बाजूला धाकटेमामा, मध्ये सात फूट लाकूड. लाल रेघ, निळी रेघ, कुठेही भेट नाही. मोठेमामा लाटणं हातात घेऊन ताठ मानेनं बाथरूमला जाऊन आले. पाठोपाठ धाकटेमामांनी लाटणं मागवून घेतलं. त्यांना गरज नसावी, पण भावाला मिळालेली वस्तू आपल्यालाही मिळते की नाही, ते त्यांना पाहायचं असणार. दोन्ही माम्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभ्या राहून सँडविच कापत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आवाजाची मात्र मी काही व्यवस्था केली नव्हती. "ताई, पंखा जरा कमी करायला सांग," मोठेमामा म्हणाले की, पलीकडून, "ताई, पंखा आहे तसा राहू दे, उकडतंय," असं येई. "ताई, केक जरा गोड झालाय," असं इकडून आलं की, "ताई, काही लोकांना सगळ्यातच काहीतरी कमीजास्त दिसतं," असं तिकडून. दोघंही बोलत होते आईशीच. आई दोन्हीकडे मान हलवत होती. तिचा चेहरा मला थोडा उतरलेला वाटला. केक कापून झाला होता, फोटो झाले होते, एकदा मोठेमामांबरोबर, एकदा धाकटेमामांबरोबर. माझ्या मते कार्यक्रम यशस्वी होऊन संपत आला होता. मी आईजवळ जाऊन वाकलो. "एका वेळी, एका खोलीत," मी अभिमानानं म्हटलं. "आता सांग तुझी गोष्ट."

"असं कपाटाला कशी सांगू?" आई म्हणाली. "मला ते दोघं दिसतायत रे. पण एक बघतोय भिंतीकडे आणि एक बघतोय खिडकीकडे. आणि मला जे दाखवायचंय, ते तर तुम्ही खाली सारून ठेवलंय."

मला काही कळलं नाही. तिनं आपली काठी उलटी धरली. काठीची वाकडी मूठ कपाटाखाली घातली, मोडक्या पायाच्या जागी ठेवलेल्या वरच्या तुकड्यात अडकवली आणि ओढली. माझ्या तोंडून "आई" एवढं निघेपर्यंत तुकडा बाहेर तिच्या पायाशी आला होता.

कपाट धाकटेमामांच्या बाजूला झुकलं. वरच्या कप्प्यातले अठ्ठावीस वर्षांचे नकाशे पुढे घरंगळले आणि ते आणखी झुकलं. धाकटेमामा खुर्चीतून उठले आणि दोन्ही हात लावून त्यांनी कपाट थोपवलं. इकडे मान वळवलेल्या मोठेमामांना कपाट आपल्यापासून दूर जाताना दिसलं. त्यांनी उडी मारून वरच्या नक्षीची पट्टी दोन्ही हातांनी पकडली. कपाट थांबलं. एकानं ढकलून धरलेलं, एकानं ओढून धरलेलं.

"ढकल," मोठेमामा म्हणाले. नऊ वर्षांतला त्यांचा भावाशी पहिला शब्द हा.

"तू ओढ," धाकटेमामा म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी लाल रुमाल वर धरला. "कुणीही जागेवरून हलायचं नाही," ते म्हणाले, आणि पंचवीस माणसं हातात बशा घेऊन खरोखर थांबली. त्यांनी स्वतः आणि कपाटावर लक्ष ठेवायला बोलावलेल्या सुतारानं पुढे होऊन कपाटाच्या एकेका कडेला खांदा दिला. मीही धावलो, तर आईनं काठी आडवी घातली. "तू थांब. दोन मिनिटं लागतील." मग ती खाली वाकली, तो तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि दोघांनाही दिसेल असा हात लांब करून धरला.

"भाऊ," ती मोठेमामांना म्हणाली, "ही तुझी आठवी पायरी."

मग तिनं काठीनं पलीकडे धाकटेमामांकडे दाखवलं.

"शिडी परत द्यायला हा आला, तेव्हा तू गावाला गेला होतास. म्हणून शिडी दोन दिवस माझ्याकडे होती. मी माळ्यावरची ट्रंक काढायला गेले. ट्रंक सगळ्यात वरच्या पायरीवर टेकवली आणि पायरी मोडली. वरचीच होती, त्यामुळे मध्ये रिकामी जागा दिसेना. मी तुकडे काढून ठेवले. तू आलास की सांगणार होते. पण तू आलास तो मोजायलाच लागलास, आणि तुम्ही दोघं असे काही बोलायला लागलात की मला मध्ये जागाच मिळेना. मग आठवडा गेला. मग महिना गेला. मग मला लाज वाटायला लागली." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते मुळीच लपवत नव्हती. "चूक माझी आहे. रागवायचं तर मला रागवा."

"ताई, आत्ता हात मोकळे नाहीत," मोठेमामा म्हणाले.

 मग धाकटेमामा म्हणाले, "म्हणजे आठ होत्या."

"आठच होत्या."

"मी मोजल्या नव्हत्या."

"काय?"

"मी मोजल्याच नव्हत्या. तू इतक्या जोरात आठ म्हणालास, की मला सात म्हणावंच लागलं."

हेड कॅशियरच्या नोकरीत मोठेमामांनी पुष्कळ काही ऐकलं असेल, पण असं कुणी सांगितलं नसावं. त्यांनी नक्षीची पट्टी आणखी घट्ट धरली. "मीही तुला नुसता निष्काळजी म्हणालो," ते हळूच म्हणाले. "मनात मात्र चोर म्हणत होतो. नऊ वर्षं."

"ते मला माहीत होतं," धाकटेमामा म्हणाले. "त्याचाच राग होता."

"आता तो तुकडा आत घाल, ताई," मोठेमामा म्हणाले. "हात भरून आले."

"आधी एकमेकांकडे बघा," आई म्हणाली. "मग घालते."

मोठेमामांनी पट्टी न सोडता मान बाहेर काढली. पलीकडून धाकटेमामांनी काढली. माझ्या नकाशातली एकही रेघ त्या जागेवरून जात नव्हती, आणि तरी लाल आणि निळी नजर आईच्या खुर्चीच्या वर बरोबर भेटली.

"टक्कल पडलं की रे तुला," मोठेमामा म्हणाले.

धाकटेमामा डोळे बारीक करून त्यांच्या चष्म्याकडे बघत होते. "हा नंबर चुकीचा आहे. काच तिरकी बसवली आहे. कुणी दिला हा चष्मा?"

"दुसरीकडून घेतला. तुझ्या दुकानात कसा येणार होतो?"

"डोकं दुखत असेल तुझं."

"चार वर्षं दुखतंय."

"उद्या सकाळी ये," धाकटेमामा म्हणाले. "उपाशीपोटी नको येऊस, वेळ लागेल."

कपाट उचलायला 'एक, दोन, तीन' म्हणावं लागणार होतं. ते कुणी म्हणायचं यावरून दोघांची थोडी बोलाचाली झाली. मोजणं हे आपलं काम, असं मोठेमामांचं म्हणणं होतं. शेवटी ते आईनं म्हटलं, सुतारानं तुकडा आत सारला आणि कपाट सरळ उभं राहिलं. स्टेशनमास्तरांनी हिरवा रुमाल दाखवला आणि लोक पुन्हा सँडविचकडे वळले. दोन्ही मामा हात चोळत एका सोफ्यावर बसले. दोन्ही माम्यांनी दारातून ते पाहिलं आणि आपलं दुपारचं बोलणं आता घरात कळलं तरी चालेल, असं त्यांना वाटलं असावं. हिनं कपाटाभोवती एक फेरी मारली. मोडका पाय तिला दिसला. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिनं सोफ्याकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही. हे तिचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत.

निघताना दोघंही पुढच्या दारानं एकत्र गेले. त्यामुळे मागच्या जिन्याच्या रजिस्टरमध्ये एक कपाट आत आलेलं आहे आणि बाहेर गेलेलं नाही. दर महिन्याला सेक्रेटरींची चिठ्ठी येते: 'आपण आत आणलेल्या फर्निचरचा खुलासा करावा.' मी दर महिन्याला उत्तर देतो, 'सदर फर्निचर वापरात आहे.'

खरं कपाटही अजून हॉलच्या मधोमधच आहे. सुतारानं नवा पाय करून ठेवलाय, पण तो बसवायचा तर आठवी पायरी काढावी लागेल. पायरी शिडीला आधी जोडायची की कपाटाला पाय आधी लावायचा, यावर दोन्ही मामांचं एकमत नाही. ते ठरवायला दोघं दर रविवारी सकाळी येतात. मोठेमामांचा नवा चष्मा झकास आहे. ते दोघं कपाटाच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर वाद घालतात, चहा पितात आणि पुढच्या रविवारी बघू म्हणून जातात. मी एकदा आईला म्हटलं, आता हे हलवायला हवं, टीव्ही दिसत नाही. ती कडेच्या खुर्चीत बसून शेंगदाणे सोलत होती. "घाई काय आहे?" ती म्हणाली.

आमच्या खात्यात प्रस्तावित काम पेन्सिलीनं दाखवतात आणि कायमचं काम शाईनं. घरचा नकाशा अजून माझ्या टेबलावर आहे. मागच्या रविवारी मामा गेल्यावर मी पेन उघडलं आणि कपाटाच्या चारही कडांवरून शाईची रेघ ओढली.